करोना गेला, मग सिस्टरला आता झोप का लागत नाही?

२२ मार्च २०२०, संध्याकाळचे पाच. इंदुरात थाळ्या वाजल्या. आपापल्या गॅलरीत वाजल्या तोवर ठीक होतं, पण राजवाड्यावर चक्क मिरवणूक निघाली. ज्या गर्दीपासून लांब राहा म्हणून जनता कर्फ्यू लावला होता, तीच गर्दी ताटं बडवत रस्त्यावर आली. नंतर दहाच दिवसांनी, १ एप्रिलला, टाटपट्टी बाखलमध्ये तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगड पडले आणि दोन महिला डॉक्टरांना लागलं. दुसऱ्या दिवशी त्या दोघी परत त्याच भागात कामाला गेल्या. आणखी आठ दिवसांनी, ९ एप्रिलला, शहरातल्या एका डॉक्टरांचं कोविडने निधन झालं. देशात कोविडमुळे झालेला डॉक्टरचा पहिला मृत्यू म्हणून तेव्हा त्याची बातमी झाली.

थाळी, दगड आणि मृत्यू, हे सगळं अठरा-एकोणीस दिवसांत. त्या दिवसांत ड्यूटीवर असलेल्या माणसाने यातलं काय मनात ठेवून घेतलं असेल?

इंदूरच्या मराठी घरांत कोणी ना कोणी ‘मेडिकल लाइन’मध्ये असतंच. कोणाची सून एम.वाय. या मोठ्या सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स, कोणाचा भाचा एमजीएम मेडिकल कॉलेजला पीजी करतोय, कोणाचे काका आयुष्यभर लॅबमध्ये. यांच्या घरी आता एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘करोना संपून इतकी वर्षं झाली, आता कसलं टेन्शन?’ जागतिक आरोग्य संघटनेनेही ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं सांगून टाकलं. कागदावर विषय संपला. पण वहिनी रात्रपाळीहून आली की अंथरुणावर पडून पंख्याकडे बघत राहते, मॉनिटरचा ‘बीप’ टीव्हीवरच्या सिनेमात ऐकला तरी चॅनेल बदलते, आणि पूर्वी पेशंटच्या नातेवाइकांशी तास तास बोलणारी ती आता दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळी होते. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला.

स्वभाव इतक्या सहज बदलत नाही. काय होतं, ते नीट समजून घेऊ.

त्रास उशिराच का येतो

धोका दिसला की मेंदू शरीराला तयार करतो. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, पाठोपाठ कॉर्टिसोल, हृदय जोरात पळतं, पचन मागे पडतं, झोप सावध होते. ही यंत्रणा काही मिनिटांच्या किंवा तासांच्या संकटासाठी आहे. ती महिनोन्महिने चालू ठेवावी लागली तर बंद करायची सवयच मोडते. शिवाय संकटाच्या ऐन मध्यावर माणसाजवळ दोन आधार असतात: काम स्पष्ट असतं आणि बाजूला आपली टीम असते. पीपीई किट चढवलं, चष्म्यावर वाफ धरली, पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन पडला, धावा. विचाराला जागाच नाही. धावताना काटा रुतला तरी कळत नाही, घरी येऊन पाय धुताना कळतं. लाट ओसरली, टीम पांगली, कोविड वॉर्डाचा परत मेडिसिन वॉर्ड झाला, आणि तेव्हा मन हिशोबाला बसलं.

हे आधीही दिसलेलं आहे. २००३ मध्ये कॅनडात टोरांटोला सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ आली. संशोधकांनी १३ ते २६ महिन्यांनंतर तिथल्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना गाठलं आणि जवळच्याच हॅमिल्टनच्या कर्मचाऱ्यांशी त्यांची तुलना केली. हॅमिल्टनमध्ये सार्सचे पेशंट नव्हते. साथ संपून वर्ष-दोन वर्षं झाली तरी टोरांटोच्या लोकांत थकवा, मानसिक त्रास आणि आघाताची लक्षणं जास्त होती. त्यांनी पेशंटशी संपर्क कमी केला होता, कामाचे तास कमी केले होते. पण सगळ्यांना सारखाच त्रास नव्हता. आपल्याला नीट प्रशिक्षण दिलं गेलं, संरक्षणाची साधनं मिळाली आणि पाठीशी कोणी होतं, असं ज्यांना वाटत होतं ते बरेच सावरलेले होते.

बीजिंगच्या एका रुग्णालयातल्या ५४९ कर्मचाऱ्यांची सार्सनंतर तीन वर्षांनी अशीच पाहणी झाली. त्यांच्यापैकी सुमारे १० टक्के लोकांनी या काळात आघाताची तीव्र लक्षणं अनुभवली होती. ज्यांना विलगीकरणात ठेवलं होतं, जे थेट सार्स वॉर्डात होते किंवा ज्यांचं जवळचं माणूस आजारी पडलं होतं, त्यांच्यात प्रमाण जास्त. आणि ज्यांनी ‘हे माझं काम आहे, धोका आहे, तरी मी जाणार’ असं आपण होऊन स्वीकारलं होतं, त्यांच्यात कमी.

मला या पाहण्यांतली ही शेवटची बाजूच सगळ्यात महत्त्वाची वाटते. सगळं काही मन किती ‘खंबीर’ आहे यावर ठरलं नाही. बरंचसं ठरलं ते किट मिळालं का, शिकवलं का, विचारलं का, यावर. आपल्याकडे बहुतेकांना रोस्टरवर नाव दिसलं तेव्हाच कळलं की आपण कोविड वॉर्डात आहोत.

एकाच ‘टेन्शन’मध्ये चार वेगळे त्रास

आपण सगळ्यालाच टेन्शन म्हणतो, किंवा डिप्रेशन. डॉक्टरांच्या दृष्टीने यात निदान चार वेगळे त्रास आहेत, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिला बर्नआउट. १९७० च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी त्याचं वर्णन केलं आणि क्रिस्टिना मास्लाक यांनी तो मोजायची प्रश्नावली तयार केली. त्याच्या तीन खुणा आहेत: अंगातलं सगळं संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी आणि माणसांविषयी कोरडेपणा येणं, आणि ‘आपल्या हातून काही धड होत नाही’ ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही; कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हणून आहे. हा फरक किरकोळ वाटतो, पण त्यात मोठी गोष्ट दडली आहे. त्रासाचं मूळ कामाच्या जागी असेल तर एकट्या माणसाला गोळी देऊन किंवा प्राणायाम शिकवून भागणार नाही. प्राणायामाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण सलग छत्तीस तास ड्यूटी केलेल्या पोराला ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणणं ही जवळजवळ चेष्टाच आहे.

दुसरा पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा त्रास. यात घडलेली गोष्ट नुसती आठवत नाही, ती जणू पुन्हा घडते. वास, आवाज, एखादा कॉरिडॉर, आणि माणूस परत त्या रात्रीत. म्हणून तो ते सगळं टाळू लागतो: त्या मजल्यावर जात नाही, त्या दिवसांचे फोटो बघत नाही. तिसरी खूण म्हणजे शरीर सतत दक्ष राहतं, दार आपटलं तरी दचकतं, झोप तुटते, चिडचिड होते. घटनेनंतर काही आठवडे असं वाटणं अगदी साहजिक आहे. महिन्याभरानंतरही ते टिकलं आणि रोजच्या कामाला अडवू लागलं की तपासून घ्यायचं. काहींत पूर्ण लक्षणं सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात, हेही वैद्यकशास्त्राला माहीत आहे. तेव्हा ‘इतक्या उशिरा कसं?’ हा घरच्यांचा प्रश्न तिथेच मिटतो.

तिसरं साधं दुःख, शोक. सहकारी गेले, कोणाचे आई-वडील गेले आणि ड्यूटीमुळे तेराव्यालाही बसता आलं नाही. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे पहिल्या लाटेत ७४८ डॉक्टर गेल्याचं इंडियन मेडिकल असोसिएशनने सांगितलं होतं. दुसऱ्या लाटेतला आकडाही त्याच्याच आसपास गेला. ही फक्त डॉक्टरांची गणती. वॉर्डबॉय, आयाबाई, सफाई कामगार आणि रुग्णवाहिकेचे चालक यांची अशी यादी कोणा संघटनेने तितक्या काळजीने ठेवली नाही. इतक्या शोकाला तेव्हा वेळच मिळाला नव्हता. तो आता येतो.

चौथ्या त्रासावर मी थोडी थांबणार आहे, कारण त्याविषयी सगळ्यात कमी बोललं जातं.

मनाला लागलेली टोचणी

१९८४ मध्ये अँड्र्यू जेम्टन या अमेरिकी अभ्यासकाने नर्सेसविषयी लिहिताना एक स्थिती मांडली होती: योग्य काय ते नर्सला माहीत आहे, पण व्यवस्था तिला ते करू देत नाही. पुढे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञाला असं दिसलं की काही सैनिकांना भीतीपेक्षा अपराधीपणा जास्त खातो. आपण जे केलं, करू शकलो नाही, किंवा वरच्यांनी आपल्याला करायला लावलं, ते आपल्याच नीतीला धरून नव्हतं, ही जाणीव. मानसशास्त्रात याला नैतिक जखम म्हणतात.

आता एप्रिल-मे २०२१ चं इंदूर आठवा. रेमडेसिविरसाठी रांगा, ऑक्सिजनच्या टँकरची वाट, खंडवा रोडवर राधास्वामी सत्संगाच्या जागेत उभं राहिलेलं माँ अहिल्या कोविड केअर सेंटर, आणि पाठोपाठ काळ्या बुरशीचे पेशंट. एम.वाय.त त्यांच्यासाठी वॉर्डच्या वॉर्ड भरले, आणि त्या बुरशीवरची अ‍ॅम्फोटेरिसिनची इंजेक्शनं पुरत नव्हती. अशा वेळी समजा एक ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारी डॉक्टर आहे, वय सव्वीस. एक बेड रिकामा झालाय, बाहेर तिघं आहेत. कोणाला आत घ्यायचं? तिने निर्णय घेतला. नियमाप्रमाणे घेतला, सीनिअरला विचारून घेतला. राहिलेल्या दोघांपैकी एकाची मुलगी तिच्या पाया पडली होती.

या डॉक्टरला भीती वाटत नाही. ती वॉर्डात जाते, काम करते, परीक्षा पास होते. तिला फक्त अधूनमधून वाटतं की आपण ‘चांगल्या’ डॉक्टर नाही. कोणी कौतुक केलं की तिला राग येतो. आणि इथेच आपण समाज म्हणून फार चुकीचं वागलो, असं माझं मत आहे. ज्या माणसाला आतून अपराधी वाटतंय त्याला ‘कोविड योद्धा’ असं प्रमाणपत्र देणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं. योद्ध्याने रडायचं नसतं, आणि वीराने ‘मी एकाला वाचवू शकलो नाही’ असं म्हणायचं नसतं. त्यामुळे प्रमाणपत्र कपाटात जातं आणि टोचणी तशीच राहते.

नर्सची टोचणी आणखी वेगळी असते. मृत्यूच्या वेळी घरचं कोणी जवळ नाही, तिने हातात मोबाइल धरलाय, पलीकडून कोणी रामरक्षा म्हणतंय, आणि दुसऱ्या बेडचा अलार्म वाजतोय. तिला फोन ठेवावा लागतो. वैद्यकीय दृष्टीने तिने बरोबर केलं, पण ते तिला पटवून द्यायला त्या रात्री कोणी नव्हतं.

या जखमेला शिक्षा किंवा माफी यांचा उपयोग नसतो. उपयोग होतो तो ज्याला ती परिस्थिती ठाऊक आहे अशा माणसासमोर ती गोष्ट पूर्ण सांगण्याचा, आणि जबाबदारीची वाटणी नीट करून घेण्याचा. बेड नव्हते, ही कोणाची जबाबदारी? सव्वीस वर्षांच्या मुलीची नक्कीच नाही. समुपदेशक हेच काम हळूहळू करून घेतो. विभागप्रमुखाने सगळ्यांसमोर एकदा जरी म्हटलं, ‘त्या महिन्यात आपण जे निर्णय घेतले ते आपल्याजवळ काहीच नसताना घेतले, आणि त्यात मीही होतो’, तरी बरंच काही सुटतं. किती विभागप्रमुख असं म्हणतात, ते आपण सगळे जाणतो.

सगळ्यांना बसवून बोलतं करायचं का?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मोठी घटना घडली की लगेच सगळ्यांना हॉलमध्ये बसवायचं, प्रत्येकाने आपापला अनुभव सांगायचा, एका बैठकीत मन मोकळं करायचं, हे ऐकायला छान वाटतं. पण अशा एकाच सक्तीच्या बैठकीवरचे प्रयोग २००२ मध्ये एकत्र करून तपासले गेले, तेव्हा तिने पीटीएसडी टळत असल्याचा पुरावा मिळाला नाही. एका प्रयोगात तर वर्षभराने त्रास वाढलेला दिसला. कारण उघड आहे. काहींना लगेच बोलायचं असतं, काहींना सहा महिन्यांनी, काहींना कधीच नाही. जखम भरायच्या आत उकरली तर ती चिघळते.

त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ च्या मार्गदर्शिकेत मांडलेली मानसिक प्रथमोपचाराची पद्धत साधी आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण गप्प झालंय, कोण जेवत नाही ते पाहा. बोलला तर ऐका, खोदून विचारू नका, लगेच सल्ला देऊ नका. आणि ज्याची त्याला गरज आहे त्याच्याशी जोडून द्या, मग ती दोन दिवसांची रजा असो, घरी सोडणारी गाडी असो की मनोविकारतज्ज्ञ असो. ही पद्धत शिकायला डॉक्टर असावं लागत नाही. वॉर्डाची इंचार्ज सिस्टर ती उत्तम वापरू शकते, आणि चांगल्या इंचार्ज सिस्टर ती कोणी शिकवायच्या आधीपासून वापरत आल्या आहेत.

काही देशांत रुग्णालयं महिन्यातून एकदा अशी बैठक घेतात ज्यात पेशंटच्या आजारावर नव्हे, तर त्याला सांभाळताना आपल्याला काय वाटलं यावर बोललं जातं. यायची सक्ती नाही, आणि सर्जनपासून स्वयंपाकघरातल्या माणसापर्यंत कोणीही येऊ शकतो. याची सुरुवात १९९५ नंतर अमेरिकेत बोस्टनला झाली. आपल्याकडे मॉर्बिडिटी-मॉर्टॅलिटी बैठका होतात, त्यात पेशंट का गेला याची चिरफाड होते, आणि कधीकधी ज्युनिअरचीही. त्याच खोलीत, त्याच चहावर, ही दुसरी बैठक घ्यायला पैसे लागत नाहीत.

मागत का नाहीत?

डॉक्टर स्वतःसाठी डॉक्टरकडे जात नाहीत, हे आपल्याला विनोदासारखं वाटतं. लॅटिन अमेरिकेतल्या ११ देशांत २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांची मोठी पाहणी झाली. तिच्यात १४.७ ते २२ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं होती, आणि काही देशांत तर ज्यांनी मानसिक मदत हवी असं सांगितलं त्यांच्यापैकी साधारण एक-तृतीयांश लोकांनाच ती मिळाली होती.

इंदुरात अडचण आणखी घरगुती आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं तर ओपीडीत आपलाच बॅचमेट बसलेला. बाणगंगेचं मानसिक रुग्णालय म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र. खासगीत गेलं तर वेटिंगरूममध्ये रामबागेतलीच कोणी मावशी भेटणार, ‘अगं तू इथे कशी?’ मग सोपा रस्ता निघतो: ड्रॉवरमधली अल्प्राझोलाम या शांत करणाऱ्या गोळीची पट्टी. झोप येते, म्हणून आणखी एक. ही गोळी काही दिवसांपुरती, दुसऱ्या डॉक्टरने लिहून दिलेली, ठीक असते. स्वतःच स्वतःला महिनोन्महिने दिली तर सवय लागते, आणि पीटीएसडीवर तर ती उपचार म्हणून सुचवलीच जात नाही.

परवान्याची आणि नोकरीची भीतीही खरी आहे. न्यूयॉर्कच्या इमर्जन्सी डॉक्टर लोर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये जीवन संपवलं. मदत घेतली तर परवान्यावर गदा येईल अशी धास्ती त्यांना होती, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. पुढे मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत त्यांच्या नावाने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा कायदा झाला. आपल्याकडचा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला देतो, आणि डॉक्टर किंवा नर्स रुग्ण असली तरी तो हक्क तितकाच लागू आहे. मेट्रनला किंवा डीनला तुमची फाइल बघायचा अधिकार नाही. याच कायद्याने विमा कंपन्यांनाही मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलं आहे.

सन्मान आणि सांभाळ

असा जाहीर सन्मान इंदूरला नवा नाही. १९१७-१८ च्या सुमारास पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार होळकरांच्या बोलावण्यावरून इथे आले होते. प्लेगने शहर हैराण होतं. त्यांनी दिवाळीत एक भली मोठी मिरवणूक काढली, तीत प्लेगच्या उंदराची अजस्र प्रतिमा होती, आणि शहराचे झाडूवाले नवे पांढरे कपडे घालून, फुलं घेऊन मानाने चालत होते. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती, आणि ती मला मनापासून आवडते. पण मिरवणूक एका दिवसाची असते.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या आशा कार्यकर्त्यांना जागतिक पुरस्कार दिला. त्याच आशाताईंना कोविडच्या कामासाठी महिन्याला १,००० रुपये जास्तीचा भत्ता ठरला होता. साथीत तात्पुरत्या घेतलेल्या कित्येक नर्सेस आणि टेक्निशियनना लाट ओसरल्यावर घरी बसावं लागलं. हल्ल्यांविरुद्ध एप्रिल २०२० मध्ये वटहुकूम आला, सप्टेंबरात कायदा झाला. गंभीर इजा केली तर सहा महिने ते सात वर्षं कैद, ही तरतूद चांगली आहे, पण ती साथरोग कायद्यात आहे. साथ नसताना कॅज्युअल्टीत हात उगारणाऱ्या नातेवाइकासमोर उभ्या असलेल्या इंटर्नला ती लागू पडत नाही. मनावरच्या ताणाबद्दल बोलताना पगार, नेमणूक आणि सुरक्षारक्षक हे विषय कोणी काढले की म्हणतात, हा वेगळा मुद्दा. तो वेगळा नाही. माणूस किती सावरतो हे कामाच्या जागी त्याला काय मिळतं यावरही ठरतं, हे टोरांटोच्या पाहणीने सांगितलं होतं.

तासांचंही तसंच. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. पाहणीत भाग घेतलेल्या एमबीबीएसच्या २७.८ टक्के आणि पीजीच्या १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. पीजींच्या ड्यूटीचे तास आठवड्याला ७४ च्या वर जाऊ नयेत आणि एक दिवस सुट्टी मिळावी, अशी शिफारस त्यात आहे. चौऱ्याहत्तर तासही कमी नव्हेत, पण तिथवर जरी आलो तरी पुष्कळ झालं, अशी स्थिती आहे.

घरी काय करता येईल

घरच्यांच्या हातात रोस्टर नसतं, पण झोप असते. रात्रपाळीहून आलेल्या माणसाची दुपारची झोप ही आळशीपणाची झोप नव्हे. खोलीत अंधार, डोअरबेल बंद, पाहुण्यांना ‘ती झोपलीय, संध्याकाळी या’ असं निःसंकोच सांगणं, इतकं सासूबाईंनी केलं तरी निम्मा भार हलका होतो. ‘तेव्हा किती माणसं गेली गं?’ असं जेवताना विचारू नका. बोलायला लागली तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐका, आणि ‘जाऊ दे, विसर आता’ हे शब्द गिळून टाका. ती विसरायचाच प्रयत्न करतेय, तोच जमत नाहीये.

स्वतःला तपासायचं असेल तर पीएचक्यू-९ नावाची, नैराश्य ओळखायची नऊ प्रश्नांची साधी चाचणी आहे. मागच्या दोन आठवड्यांविषयीचे प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टरांना दाखवायचं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य नसेल तर बाकीची बेरीज बघत बसायचं नाही, त्याच दिवशी कोणाशी तरी बोलायचं. घरात कोणाविषयी अशी शंका आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याचदा माणसाला हायसं वाटतं की कोणीतरी ओळखलं. त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नका, आणि घरातल्या गोळ्या-इंजेक्शनं दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा. दवाखान्यातल्या माणसाच्या घरी ती असतातच.

उपचार काय असतात, हेही माहीत असलेलं बरं. पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित बोलण्याचे उपचार सगळ्यात परिणामकारक मानले जातात. बहुधा आठ-बारा बैठका लागतात. गरज पडली तर सर्ट्रालिनसारखी औषधं देतात. ती पहिल्या आठवड्यात काही करत नाहीत. फरक पडायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही डॉक्टर ती काही महिने चालू ठेवायला सांगतात. मध्येच स्वतःहून बंद करायची नाहीत. हा नियम पेशंटला रोज सांगणारे लोकच स्वतः तो सगळ्यात आधी मोडतात.

ओळखीचं कोणी भेटण्याची भीती असेल तर टेलि-मानस आहे. ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास चालू. फोन लागला की भाषा निवडायला सांगतात, त्यात मराठीही आहे. पलीकडचा समुपदेशक आधी नुसतं ऐकून घेतो. प्रकरण त्याच्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर पुढे मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतो. नाइट ड्यूटीतल्या चहाच्या वेळेत, जिन्यात उभं राहूनही हा फोन करता येतो.